कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी त्याची वेळ पकडा

दुरुस्तीच्या टेबलावर मशीन आलं की मालकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी बंद पडतं? काय होतं, ते नंतर. बरेच जण वैतागतात. समोर ठेवलंय, उघडून बघा ना, असा चेहरा करतात. पण उघडून दिसतं तरी काय? फुगलेला कपॅसिटर दिसतो, करपलेला कनेक्टर दिसतो, धूळ दिसते. बिघडलेली रॅम मात्र चांगल्या रॅमसारखीच दिसते, आणि मरायला टेकलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बाहेरून नवाकोरा असू शकतो. असले पार्ट त्यांच्या वागण्यावरून ओळखायचे असतात. सकाळी पहिल्यांदा चालू करताना पडतं, गेम सुरू झाल्यावर पडतं, की काहीच काम नसताना पडतं, यातून जेवढं कळतं तेवढं स्क्रूड्रायव्हरने कळत नाही.

म्हणून एक कागद घ्या आणि दर वेळी लिहा: तारीख, वेळ, मशीन किती वेळ चालू होतं, कोणते प्रोग्राम उघडे होते, पडद्यावर काय आलं. चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा संशय एक-दोन पार्टांवर येऊन थांबतो.

कागदाच्याही आधी बॅकअप. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही. रॅम खराब असेल तर फाइल कॉपी होता होताच बिघडू शकते, आणि कॉम्प्युटर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे जुना चांगला बॅकअप पुसून त्याच जागी नवा घेऊ नका. वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, जुना तसाच राहू द्या.

"फॉरमॅट मारून बघू" हा उपाय मी शेवटी ठेवते. विंडोजवर शंका असेलच तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवा, हार्ड डिस्कला हातही न लावता. त्यातही मशीन तसंच आडवं झालं, तर विंडोज पुन्हा टाकण्यात अख्खा दिवस घालवायची गरज उरली नाही. लिनक्सवर नीट चाललं म्हणून मात्र हार्डवेअर सुटलं असं नाही, कारण तिथे ग्राफिक्स कार्डावर तेवढा भारच पडलेला नसतो.

"बंद पडतो" म्हणजे नक्की काय

लोक एकाच शब्दात चार वेगळे आजार सांगतात.

पहिला: काही न सांगता झटकन अंधार, मग मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं किंवा मेल्यासारखं पडून राहतं. इथे वीज, एसएमपीएस, कुठेतरी शॉर्ट, अति उष्णता, नाहीतर अडकलेलं रिसेटचं बटण. दुसरा: निळा पडदा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे). म्हणजे विंडोजला काहीतरी चुकल्याचं कळलं आणि तिने स्वतःहून हात वर केले. रॅम, प्रोसेसर, डिस्क किंवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम). तिसरा: चित्र गोठतं, आवाज एकाच सुरात घर्रर्र करत राहतो. चौथा: पडदा काळा होतो पण गाणं चालूच असतं. हा बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल.

तिसरा आणि चौथा वेगळे करायला कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो आहे का? मग आत सिस्टिम जिवंत आहे. माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, अशी अवस्था असेल तर आधी डिस्क बघा.

काहीच काम नसताना पडणारं मशीन लोकांना कोड्यात टाकतं. गेम चार तास चालतो आणि नुसतं उघडं ठेवलं की बंद! असं होतं, कारण रिकामा प्रोसेसर वीज वाचवायला व्होल्टेज अगदी खाली नेतो. कोणी तो अंडरव्होल्ट केलेला असेल (म्हणजे त्याचं व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवलेलं असेल), तर भाराखाली टिकणारी सेटिंग इथे उघडी पडते. काही जुन्या एसएमपीएसना इतका कमी भारही झेपत नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या कित्येक मदरबोर्डांत यासाठी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असा पर्याय असतो. तो 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवून बघा.

विंडोजने लिहून ठेवलेलं आधी वाचा

सर्वांत आधी आपोआप रिस्टार्ट होणं बंद करा, नाहीतर निळा पडदा वाचायच्या आत निघून जातो. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची खूण काढा.

मग स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. दिवसवार तक्ता येतो, लाल फुल्या दिसतात. तुमच्या कागदाशी तो ताडून बघा. बारीक तपासणीसाठी इव्हेंट व्ह्युअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम.

तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसणारच. ते बघून लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाउन न होता थांबलं. बटण पाच सेकंद दाबून तुम्हीच बंद केलं असतं तरी हीच नोंद आली असती. उपयोगाची माहिती तिच्या डिटेल्समध्ये आहे: बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा क्रमांक. तो शून्य असेल तर निळ्या पडद्यापर्यंत पोचायलाही विंडोजला वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा सगळं गोठलं. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत लिहिलेला असतो आणि निळ्या पडद्यावर हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या) पद्धतीत, म्हणून शोधताना गोंधळ होतो. २९२ दिसला तर तो निळ्या पडद्यावरचा १२४ क्रमांकाचा, 'व्हीआ (WHEA) अनकरेक्टेबल एरर'. म्हणजे प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक कळवली आहे. २६ म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट'.

याच यादीत 'व्हीआ-लॉगर' नावाच्या नोंदी शोधा. विंडोज हार्डवेअरबद्दल इतकं स्पष्ट क्वचित बोलते. नोंदीत प्रोसेसरचा कोअर, कॅशे किंवा पीसीआय एक्सप्रेसचा उल्लेख असतो. 'दुरुस्त झालेली चूक' असं लिहून तीच नोंद शेकड्याने येत असेल तरी दुर्लक्ष करू नका.

निळा पडदा दर वेळी वेगळा येतोय? आज मेमरी, उद्या पेज फॉल्ट, परवा 'आयआरक्यूएल'? तर माझा हात आधी रॅमकडे जातो. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर असेल तर आधी ड्रायव्हर. डंप (पडताना विंडोजने जपून ठेवलेली फाइल) वाचणाऱ्या साध्या प्रोग्रामांनी कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, फाइलचं नाव दाखवलं तर ते फार मनावर घेऊ नका. ज्याच्या दारात घटना घडली त्याचं नाव तिथे येतं, करणारा दुसराच असतो.

बायॉस मूळ पदावर, आणि एका वेळी एकच बदल

कॅबिनेट उघडण्याआधी बायॉसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग लावा. ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग), अंडरव्होल्ट आणि विशेषतः एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) बंद. रॅमच्या खोक्यावर ३६०० छापलेलं असतं म्हणून तो तिचा जन्मजात वेग असं वाटतं. डीडीआर४ साठी प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकच, मग ते एका क्लिकने केलेलं का असेना. डिफॉल्ट लावल्यावर मशीन शहाण्यासारखं वागलं तर निम्मं काम झालं.

सावधान: बायॉसच्या सेटिंग, सिक्युअर बूट वगैरे हलवल्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. हे न करता अडकलेली माणसं मी बऱ्याचदा पाहते, आणि तेव्हा मूळ बिघाड बाजूलाच राहतो.

इथून पुढे एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम पण काढली, केबल पण बदलली, ड्रायव्हर पण टाकला, आणि आता चालतंय. कशामुळे? सांगता येत नाही, आणि महिन्याने पुन्हा पडलं की पहिल्यापासून सुरुवात.

रॅम

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाका आणि रात्रभर लावून झोपा. नव्या मशीनसाठी ६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, ती यूईएफआयवर (बायॉसच्या नव्या प्रकारावर) चालते. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक घाईत ठीक आहे, पण ती 'सगळं उत्तम' म्हणाली तरी मी मेमटेस्ट लावतेच. पहिल्या पासमध्ये काही न सापडता तिसऱ्या-चौथ्यात सापडणं हे नेहमीचं आहे, म्हणून अर्ध्या तासात उठवू नका.

एकही चूक चालत नाही. "अख्ख्या रात्रीत दोनच आल्या" हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. दोनच्या जागी शून्य हवं.

चुका आल्या तर मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग पट्ट्या काढा. आता एकच पट्टी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये. चार स्लॉट असतील तर तो साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा किंवा चौथा असतो. टेस्ट. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी. टेस्ट. चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटबरोबर राहते, हे बघायचं आहे. पट्टीबरोबर फिरली तर पट्टी गेली. कुठलीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटवर चूक येत असेल तर स्लॉट, मदरबोर्ड, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन. कूलर फार आवळल्याने किंवा तिरका बसल्यानेही एक चॅनेल गायब होतो. तेव्हा प्रोसेसर काढून नीट बसवला की काम होतं.

प्रत्येक पट्टी एकेकटी निर्दोष, पण जोडीने चुका? दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत हे होतं. जोडी म्हणून विकलेला संच एकत्र तपासलेला असतो, तुम्ही जमवलेली जोडी नसते. वेग कमी करून बघा. चार पट्ट्या असतील तर तर नक्कीच.

खोडरबराने पट्टीचे पिन घासायची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिला विरोध करणं जिवावर येतं. गुण येतो तो बहुतेक वेळा पट्टी काढून पुन्हा बसवल्याने. रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि सोन्याचा मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरेसं आहे.

डीडीआर५ असेल तर पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळा पडदा राहतो. ते मेमरी ट्रेनिंग असतं. घाबरून मध्येच बंद करू नका.

एसएमपीएस

सर्वांत जास्त मशीनं याच्यापायी येतात आणि सर्वांत जास्त अंदाजही याच्याबद्दलच चुकतात.

आधी भिंतीपासून सुरुवात करा. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून काही दिवस चालवा. यूपीएसची बॅटरी संपलेली असेल तर वीज पापणी लवायच्या आत आली-गेली तरी कॉम्प्युटर बसतो, आणि घरातला दिवा मात्र नुसता लुकलुकतो.

मल्टिमीटर असेल तर मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरवर पिवळी-काळी वायर मोजा: १२ व्होल्ट, कमीत कमी ११.४, जास्तीत जास्त १२.६. लाल-काळी: ५ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५. मोजायचं ते मशीनवर भार असताना. रिकाम्या मशीनवर सगळेच एसएमपीएस गुणी. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, तिथे १२ च्या जागी ८ दिसतं आणि मशीन मजेत चालू असतं. खरोखर ८ असतं तर ते तुम्हाला दिसलंच नसतं.

मीटरची मर्यादाही लक्षात घ्या. आजची ग्राफिक्स कार्डं क्षणार्धासाठी प्रचंड वीज ओढतात, त्या झटक्याने एसएमपीएसचं संरक्षण उडतं आणि मशीन बंद होतं. मीटरला तो झटका दिसतही नाही. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणं हीसुद्धा परीक्षा नव्हे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की पंखा फिरतो. पक्की खात्री एकाच मार्गाने: चांगला माहीत असलेला, पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं.

लावताना मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुट्या करता येणाऱ्या) केबल जुन्या ठेवून नुसता डबा बदलू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. केबल बसते बरोबर, आणि पाचच्या जागी बारा व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. नव्याबरोबर नव्याच केबल. आणि एसएमपीएस उघडू नका. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही भारलेले राहतात.

नवा आणण्याआधी कनेक्टर मात्र डोळ्यांनी तपासा. एका मशीनची तक्रार अशी होती की व्हिडिओ रेंडर करायला लावला की काही वेळाने मशीन झपकन बंद. २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढायला गेले तर तो एका कोपऱ्यात चिकटून बसलेला. हळूहळू हलवून सोडवला. एका पिवळ्या वायरीच्या घरापाशी पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, कडा मऊ होऊन वाकलेली, आतली पितळी पिन सैल. सैल पिनेला रोध जास्त, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पिन आणखी सैल. मदरबोर्डवरची समोरची पिनही काळवंडली होती. नुसता एसएमपीएस बदलला असता तर नवा कनेक्टरही तिथेच करपला असता.

ग्राफिक्स कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता दोन वेगळ्या केबल द्या. आठ पिनांच्या एका जोडाची मर्यादा १५० वॅट आहे.

उष्णता, डिस्क

उष्णतेवर लोक वाजवीपेक्षा जास्त संशय घेतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. मशीन मंद होणं आधी, बंद होणं बरंच नंतर. एचडब्ल्यूइन्फो लावून तापमानाची नोंद फाइलमध्ये जाऊ द्या, मशीन पडल्यावर शेवटच्या ओळी बघा. ७० अंशांवर बंद पडत असेल तर थर्मल पेस्टचा दोष नाही. ९९ वर असेल तर कूलरचे चारही पाय बसलेत का बघा, धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो वाऱ्याने भन्नाट फिरू देऊ नका.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ (डिस्कवरच्या खराब जागांच्या) या ओळी शून्य हव्यात. सी७ (डेटा येता-जाता होणाऱ्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) असेल तर 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' ही ओळ. एसएसडी चालता चालता गायब होणं हा मात्र वेगळाच प्रकार: मशीन गोठतं, रिस्टार्ट केल्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं, आणि पूर्ण वीज काढून लावली की काही घडलंच नाही असं चालू होतं. याची लॉगमध्ये नोंद नसते, कारण नोंद लिहायची जागाच पळालेली असते.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा आणि काही दिवस तसंच वापरा. पडायचं थांबलं तर संशय कार्डावर किंवा ते ओढत असलेल्या विजेवर. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा येत असतील आणि त्या बायॉसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. तिथे ड्रायव्हर चालूच झालेला नसतो.

प्रोसेसर स्वतः क्वचित बिघडतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. याला एक मोठा अपवाद झाला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमची झीज होते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, जो बायॉस अपडेटमधून येतो) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातली फसवी गोष्ट अशी, की गेममध्ये 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येतो आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात. मोठ्या झिप फाइल उघडताना किंवा गेम इन्स्टॉल होताना चुका येणं हीसुद्धा त्याचीच खूण. असा प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट करा. पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही, तिथे वॉरंटीच मागायची.

प्रोसेसर तपासायला प्राइम९५ हा प्रोग्राम: 'स्मॉल एफएफटी' प्रोसेसर तापवतं, 'लार्ज' मेमरी कंट्रोलर आणि रॅमला कामाला लावतं. एखादा वर्कर (त्यातला गणित करणारा भाग) थांबून राउंडिंगची चूक दाखवली, तर मशीन न पडताही उत्तर मिळालं.

उरलेलं, विचित्र

सगळं तपासून झालं, तरी मशीन मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट होतंय. मदरबोर्डवरून कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी काढा. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून चालू करा आणि तसंच वापरा. रिसेटचं बटण आत अडकून राहणं इतकं क्षुल्लक आहे की कोणी बघतच नाही. मग पुढची यूएसबी पोर्टं, त्यातली वाकलेली पिन. मग मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा छोटा खांब). शेवटी फक्त प्रोसेसर, एक पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यावर बोर्ड कॅबिनेटबाहेर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. तरीही पडत असेल तर मदरबोर्ड.

दोष सापडला, पार्ट बदलला, की आता ज्या कामात मशीन पडायचं तेच काम मुद्दाम करा. तीन दिवसांतून एकदा पडणारं मशीन एक संध्याकाळ चाललं म्हणून पास करू नका, किमान दहा दिवस बघा. एक्सएमपी सर्वांत शेवटी चालू करा, इतर काही न बदलता. त्यावर पुन्हा पडलं तर ३६०० च्या पट्टीला ३२०० वर चालवा. रोजच्या वापरात फरक फारसा कळणार नाही.